नागसेनवनाची सावली आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)

 

समितीने मला 'धम्म आणि शिक्षण' असा विषय दिला होता. विषय लय मोठा आहे. मी काही प्राध्यापक नाही. माझं कॉलेज म्हणजे हा विहार आणि माझी पुस्तकं म्हणजे रात्रपाळीहून आल्यावर दिव्याखाली वाचलेली. म्हणून मी विषय थोडा लहान करून घेतला, आणि तोही एका पोराच्या प्रश्नावरून.

दोन महिन्यांमागची गोष्ट. रविवारच्या वंदनेनंतर आपल्याच वस्तीतला बारावी पास झालेला एक पोरगा माझ्याजवळ बसला. भिंतीवरच्या फोटोखालची बाबासाहेबांच्या कार्याची यादी तो वाचत होता. त्यानं विचारलं, "काका, ही पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी काढली, की नंतर कोण्या मंत्र्यानं?" मी हसलो, पण मनातून हादरलो. भोवताली वीस-पंचवीस जण बसले होते. त्यातल्या चाळिशीच्या आतल्या एकालाही उत्तर सांगता आलं नाही. चवदार तळं सगळ्यांना ठाऊक, काळाराम मंदिर ठाऊक, दीक्षाभूमी तर लेकराबाळांना ठाऊक. पण बाबासाहेबांनी आयुष्याची शेवटची दहा-अकरा वर्षं ज्या कामात रक्त आटवलं, ते काम आपल्याला ठाऊक नाही. त्या पोराला तेव्हा मी घाईत अर्धंमुर्धं उत्तर दिलं. आज पुरं देतो.

बाबासाहेबांनी एकदम कॉलेज काढलं नाही, हे आधी ध्यानात घ्या. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेनं पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२५ साली, सोलापूरला आपल्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. १९२८ साली दलित वर्गाच्या शिक्षणासाठी वेगळी संस्था काढून वसतिगृहांचं काम पुढे नेलं. शाळा-कॉलेजाआधी वसतिगृह काऊन? तर खेड्यातल्या महाराच्या पोराला शहरात शाळा मिळाली तरी राहायला खोली मिळत नव्हती. घरमालक जात विचारत होता, खाणावळवाला जात विचारत होता. पोरगा हुशार असून उपयोग काय? संध्याकाळी पाठ टेकायला जागा नाही, तर सकाळी तो वर्गात बसणार कसा? बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. परदेशातून शिकून आल्यावर बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा एवढ्या मोठ्या पदव्या असून त्यांना स्वतःला राहायला जागा मिळाली नव्हती.

वीस वर्षं असं काम केल्यावर त्यांनी पाहिलं, की वसतिगृहानं पोरगा मॅट्रिकपर्यंत येतो, पण पुढचा दरवाजा दुसऱ्याच्या हातात आहे. तो दरवाजा आपल्या हातात पाहिजे. म्हणून ८ जुलै १९४५ या दिवशी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. नाव बघा. पीपल्स, म्हणजे लोकांची. कोण्या एका जातीची नाही. कॉलेज सर्वांना खुलं, शिकवणारेही सर्व जातींचे. पण ज्याला आजवर बाहेर ठेवलं, त्याची सोय पहिली.

पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ रोजी, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. स्वतःची इमारत नव्हती. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेल्या लष्करी बराकी होत्या, त्यांत वर्ग भरले. फोर्टातलं बुद्धभवन आणि आनंदभवन नंतर आलं. सिद्धार्थ हे नाव १९४६ चं आहे आणि नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची, हेही लक्षात ठेवा. आपण बौद्ध झालो त्याच्या दहा वर्षं आधी बाबासाहेबांनी आपल्या कॉलेजावर भगवंताचं नाव लिहून ठेवलं होतं. आधी शाळा, मग दीक्षा, असा तो क्रम आहे.

या कॉलेजाचे पहिले प्राचार्य कोण? अ. बा. गजेंद्रगडकर, संस्कृतचे गाढे पंडित. ज्या बाबासाहेबांना शाळेत अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून नाइलाजानं फारसी घ्यावी लागली, त्यांनीच आपल्या कॉलेजाच्या खुर्चीवर संस्कृतचा पंडित आणून बसवला. मनात अढी धरली असती तर असं केलं असतं का? पोरांना सर्वांत चांगला मास्तर मिळाला पाहिजे, मग त्याची जात कोणतीही असो, एवढंच त्यांनी पाहिलं.

आणि सिद्धार्थ कॉलेजाची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिथली वेळ. नोकरी करणाऱ्याला कामावर जाण्याआधी शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले. हापिसातला कारकून, गोदीतला, रेल्वेतला, गिरणीतला, शिपायाचं काम करणारा पोरगा सकाळी वर्गात बसायचा आणि तिथूनच कामावर जायचा. पोटही सुटलं नाही आणि पुस्तकही सुटलं नाही.

मंडळी, ही वेळेची गोष्ट तुम्हाला लहान वाटत असेल. मला ती लहान वाटत नाही. त्याचं कारण सांगतो. दहावीला मला बरे मार्क होते. अकरावीत नाव घातलं आणि दोन महिन्यांत वडील आजारी पडले. घरात मी मोठा. खामगावला जिनिंगमध्ये लागलो. ज्यांनी हे काम केलं त्यांना सांगायला नको. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की बारा-बारा तासांची पाळी. मशीन कापूस ओढते, एका अंगाला रुई पडते, एका अंगाला सरकी. नाकात, घशात, भाकरीतसुद्धा तंतू. मी कॉलेजात जाऊन विचारलं, "साहेब, सकाळचे किंवा रात्रीचे वर्ग आहेत का?" बाबू मान वर न करता म्हणाले, "कॉलेज अकराला. यायचं तर या." ते खोटं बोलले नव्हते. माझी पाळीही खरी आणि त्यांची वेळही खरी. मी नाव काढून घेतलं. पुढं पुष्कळ वर्षांनी धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र वाचायला घेतलं, त्यानंतर सिद्धार्थ कॉलेजाबद्दल जे मिळेल ते वाचलं आणि सकाळच्या वर्गांची गोष्ट कळली. पुस्तक मिटलं आणि किती तरी वेळ तसाच बसलो. माझ्या जन्माच्या किती तरी आधी एका माणसानं माझ्यासारख्याचा विचार करून घड्याळ लावून ठेवलं होतं. फक्त ते घड्याळ मुंबईला होतं आणि मी खामगावला होतो.

बाबासाहेबांनाही हेच दिसत होतं, की एकट्या मुंबईत कॉलेज काढून भागणार नाही. म्हणून ते मराठवाड्याकडे वळले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातून नुकताच, १९४८ साली, सुटलेला. उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे तोंड करून बसावं लागायचं. अशा मागासलेल्या मुलखात, १९५० च्या जूनमध्ये, औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) सोसायटीचं कॉलेज सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली. त्याच महिन्याच्या अखेरीस हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्रिपद गेलं, पण बांधकाम थांबलं नाही. मधुमेहानं शरीर पोखरलेलं, पाय साथ देत नव्हते, तरी ते औरंगाबादला येऊन मुक्काम करायचे आणि काम स्वतः उभं राहून पाहायचे.

या कॉलेजाला मिलिंद हे नाव दिलं आणि त्या साऱ्या परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. मोठा वादपटू. भलेभले त्याच्यापुढं गप्प व्हायचे. भिक्खू नागसेनाशी त्याचा वाद झाला. राजानं प्रश्न विचारले, नागसेनांनी उत्तरं दिली, आणि उत्तर पटल्यावर राजानं ते कबूल केलं. राजा असून हार मान्य केली. बाबासाहेबांना मिलिंदाचा हाच गुण आवडला. आपल्या पोरांनी बिनधास्त प्रश्न विचारावा, वाद करावा, पण खरं पटलं की प्रामाणिकपणे मान्य करावं. कॉलेजाला विद्यार्थ्याचं नाव आणि वनाला गुरूचं नाव! म्हणजे पोरगा जिथं जाईल तिथं त्याच्या डोक्यावर गुरूची सावली.

आपल्या जिल्ह्याचं आणि नागसेनवनाचं नातं जवळचं आहे. आपण वऱ्हाडातले, आपलं विद्यापीठ आधी नागपूरचं आणि १९८३ पासून अमरावतीचं. पण नागपूर लांब. देऊळगावराजा, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर या बाजूच्या माणसाला जालन्यावरून औरंगाबाद जवळ पडायचं. आमच्या आधीच्या पिढीतले लोक सांगायचे, की अमक्याचा पोरगा 'मिलिंदला' आहे. औरंगाबादला आहे असं नाही म्हणायचे, मिलिंदला आहे म्हणायचे. लोखंडी पेटी, सतरंजी, मायनं बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेच्याची पुरचुंडी घेऊन तो एसटीत बसायचा. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी सही केली नव्हती, तो पोरगा तिथल्या वसतिगृहात राहून बी.ए., बी.एस्सी. होऊन यायचा आणि कोणी मास्तर, कोणी साहेब, कोणी वकील व्हायचा.

मिलिंदनं फक्त नोकरदार घडवले असं मात्र नाही. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नावाचं नाटक लिहिलं. आपल्या समाजाच्या दुःखाची युगायुगांची वाटचाल त्यात होती. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी जमलेल्या लोकांपुढे ते झालं. पुढं डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखी माणसं नागसेनवनात शिकवायला होती. पानतावणे सरांनी साठीच्या दशकात 'अस्मितादर्श' काढलं आणि गावकुसाबाहेरच्या पोरांना लिहितं केलं. आज आपण दलित साहित्य म्हणतो, त्याचं एक मोठं मूळ त्या वनात आहे. आणि २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर खेड्यापाड्यांत आपली घरं जळाली, माणसं मारली गेली, तेव्हा लढ्यात पुढं उभी राहिली त्यांत नागसेनवनातली पोरं होती. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं लागली. ज्यांनी त्यासाठी जीव दिला त्यांना आपण आज वंदन करू या.

आता सोसायटी कशी वाढत गेली ते थोडक्यात सांगतो. बाबासाहेब असतानाच मुंबईत १९५३ साली सिद्धार्थचं वाणिज्य महाविद्यालय झालं आणि १९५६ साली कायद्याचं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. छत्र हरपलं. तरी संस्था बसली नाही. १९६० साली औरंगाबादला वाणिज्याचं कॉलेज निघालं. १९६१ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय. ज्या गावात १९२७ साली पाणी प्यायलो म्हणून आमची डोकी फोडली, त्याच गावात चौतीस वर्षांनी आमचं कॉलेज! १९६३ साली मिलिंदचं कला महाविद्यालय वेगळं झालं. पुढं कायद्याचं कॉलेज, १९७२ साली मुंबईत वडाळ्याचं कॉलेज, १९९४ साली नागसेनवनात इंजिनिअरिंग कॉलेज. आणि सोसायटीबाहेर, पण त्याच विचारानं, नागपूरला दीक्षाभूमीवर स्मारक समितीनं १९६४ साली डॉ. आंबेडकर महाविद्यालय उघडलं. बराकीत सुरू झालेल्या एका कॉलेजाचा हा विस्तार.

हे सगळं सुखासुखी झालं नाही. १९५६ ला आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलती गेल्या, कारण कायद्याच्या लेखी आपण अनुसूचित जातीचे राहिलो नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय आला. तरी आपल्या मायबापांनी कागदावरचा 'बौद्ध' शब्द खोडला नाही. १९६० नंतर महाराष्ट्र सरकारनं नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या आणि केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं! ज्या मायनं मजुरीच्या पैशातून पोराची फी भरली आणि धम्मही सोडला नाही, तिचं नाव कोणत्याही कोनशिलेवर नाही. पण त्या इमारती तिच्याही आहेत.

आता थोडं कडू बोलतो. राग मानू नका. आज या संस्थेबद्दल वर्तमानपत्रात वाचायला मिळतं ते बहुतेक वादाचं. विश्वस्तांचे तंटे कोर्टापर्यंत गेले. कोण खरं, कोण खोटं, ते कोर्ट बघेल, मी सांगणार नाही. मला दुसरीच गोष्ट टोचते. ज्यांना त्या झाडाची सावली मिळाली, त्यांतले किती जण पाणी घालायला परत गेले? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी आपलं दुःख बोलून दाखवलं होतं. शिकल्या-सवरल्या लोकांकडून फार आशा होती, पण ते स्वतःचं पोट भरण्यात गुंतले, असा त्याचा मतलब. ते ऐकलं की आपण लगेच मोठ्या साहेबांकडे बोट दाखवतो. मी मात्र माझ्याकडे बोट दाखवतो. माझी मुलगी शिकली, नर्स झाली. ती नोकरीला लागली त्या दिवशी मी पेढे वाटले आणि मनात म्हणालो, झालं आपलं काम. शेजारच्या घरातला पोरगा त्याच साली बारावीनंतर शिक्षण सोडून सेंटरिंगच्या कामाला गेला. मला माहीत होतं. मी विचारायला गेलो नाही. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालताना आजही ते मला आठवतं.

म्हणून माझ्या बुद्धीप्रमाणे तीन सूचना मांडतो.

पहिली, वेळ. आपला विहार सकाळी वंदनेला आणि संध्याकाळी वंदनेला उघडतो, मधल्या वेळात कुलूप. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असतो, पाहुणे असतात, लेकरू अभ्यास करणार कुठं? विहार पहाटे पाचपासून आणि रात्री दहापर्यंत अभ्यासासाठी उघडा ठेवा. किल्ली सांभाळायला मी तयार आहे. माझी पाळी असेल तेव्हा दुसरा कोणी सांभाळेल. कामावर जाणाऱ्या पोराला त्याच्या वेळात बसायला जागा मिळाली, तर आपण सिद्धार्थ कॉलेजाचंच काम इथं करतो, असं मी समजेन.

दुसरी, कागद. शिष्यवृत्तीचे अर्ज आता कॉम्प्युटरवर भरावे लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, बँकेचं खातं, यातलं एक राहिलं की पोरगा अडकला. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, हे कित्येक घरांत माहीतच नाही. आपल्यातले जे शिक्षक, कर्मचारी निवृत्त झाले, त्यांनी दर रविवारी वंदनेनंतर एक तास टेबल टाकून बसावं. दहावीचा निकाल लागायच्या आधीच लेकरांचे दाखले तयार पाहिजेत.

तिसरी, घराघरात जाणं. दरसाल बारावीनंतर आपल्या वस्तीतलं कोण शिकतं आणि कोण सुटलं, याची एक वही विहारात ठेवा. नाव सुटलेलं दिसलं की दोघांनी त्या घरी जायचं. उपदेश करायला नाही, "काय अडलं?" एवढं विचारायला. कधी नुसती एसटीच्या पासाची अडचण असते. कधी मुलीला बाहेर पाठवायची भीती असते, तर महिला मंडळानं त्या मायशी बोलावं.

हे तीन झालं, की पुढच्या वर्षी इथल्या मुलामुलींना आपण नागसेनवन दाखवायला नेऊ. अजिंठा-वेरूळला सहल जाते, पोरं लेणी पाहून येतात. वाटेत नागसेनवनातही तासभर बसू द्या. लेणी आपल्या पूर्वजांनी दगडात कोरली, नागसेनवन बाबासाहेबांनी माणसांत कोरलं. पोरांना दोन्ही दिसलं पाहिजे.

ज्या पोरानं मला तो प्रश्न विचारला, तो आज समोर बसला आहे. बाळा, तुझं उत्तर हे, की सोसायटी कोण्या मंत्र्यानं काढली नाही. ती बाबासाहेबांनी काढली, आणि ती लोकांची आहे. लोक म्हणजे तू आणि मी. माझं नाव अकरावीत कॉलेजाच्या रजिस्टरमधून निघालं. तुझं निघू देणार नाही, एवढा शब्द या विहारात, भगवंतासमोर, मी तुला देतो. समितीनं आणि आपण सर्वांनी या शब्दाला साथ द्यावी, अशी हात जोडून विनंती करतो.

 

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!